ओ रक्तगट असूनही मलेरिया कसा झाला?

तुम्ही विचारलंय : गट ओ पॉझिटिव्ह, पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, रिपोर्टवर 'पी. वायव्हॅक्स' (मलेरियाचा एक जंतू) असं आलं, आणि ऑफिसातले म्हणतात की ओ गटवाल्यांना मलेरिया होतच नाही. मग रिपोर्ट चुकला की रक्तगट?

दोन्ही बरोबर आहेत. चुकलंय ते ऑफिसातलं ऐकीव ज्ञान, पण तेही अगदीच निराधार नाही. मी वीस वर्षं मुंबईत रक्तपेढीत टेक्निशियन आहे. रक्तदान शिबिरात हा प्रश्न हमखास येतो आणि तिथल्या घाईत उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आम्ही गट तपासतो तेव्हा पांढऱ्या टाइलवर रक्ताचे दोन थेंब घेतो. एकात अँटी-ए नावाचं तपासणीचं औषध टाकतो, दुसऱ्यात अँटी-बी. काडीने ढवळायचं आणि टाइल हलके डोलवायची. ए गटाचं रक्त असेल तर पहिल्या थेंबात बघताबघता वाळूसारखे लाल कण धरतात. ओ गटाचं असेल तर दोन्ही थेंब शेवटपर्यंत गुळगुळीत. फरक असतो तो एवढ्याशा साखरेचा. लाल पेशींवर एच नावाची साखरेची साखळी असते. तिच्या टोकाला एक साखर जोडली की ए, दुसरी जोडली की बी, काहीच जोडलं नाही की ओ. या खुणांनाच प्रतिजन म्हणतात. आमचं औषध या खुणांना चिकटतं तसे काही जंतूही चिकटतात, आणि कुठला जंतू कुठली खूण धरतो यावर सगळं अवलंबून आहे.

तुमच्या वायव्हॅक्सला ए, बी, ओशी काही देणंघेणं नाही. लाल पेशीत शिरायला तो डफी नावाचा वेगळाच प्रतिजन धरतो. (हे एका रुग्णाचं आडनाव. या हिमोफिलियाच्या रुग्णाला वरचेवर रक्त चढवावं लागायचं. त्याच्या रक्तात १९५० साली या प्रतिजनाला धरणारी अँटिबॉडी सापडली.) पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या लाल पेशींवर डफी नसतोच. जनुक शाबूत असतं, फक्त ते लाल पेशीत चालू करणाऱ्या जागेवर एक अक्षर बदललेलं असतं. पेनिसिलिन येण्यापूर्वी मेंदूपर्यंत गेलेल्या सिफिलिसवर मुद्दाम मलेरियाचा ताप आणून उपचार करायचे. तेव्हा अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की कृष्णवर्णीय रुग्णांना वायव्हॅक्स टोचला तरी बहुतेकदा ताप येतच नाही. याचं कारण लुई मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिलं : डफी नसलेल्या स्वयंसेवकांना लागण झाली नाही. पुढे मादागास्करमध्ये डफी नसलेल्यांतही वायव्हॅक्स सापडला, म्हणजे हे कवच अभेद्य नाही. आणि आपल्याकडे डफी नसलेली माणसं फार विरळ. त्यामुळे तुमच्या ओ गटाचा इथे काडीचा उपयोग नव्हता.

ऑफिसातलं ऐकीव ज्ञान आलं ते फाल्सिपेरम या दुसऱ्या मलेरियावरून. फाल्सिपेरमने पछाडलेली पेशी आजूबाजूच्या निरोगी पेशी स्वतःला चिकटवून घेते, तिच्याभोवती गुच्छ होतो आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हे गुच्छ ए आणि बीच्या साखरेवर घट्ट बसतात, ओच्या पेशींवर सैल. मालीतल्या मुलांच्या २००७ च्या अभ्यासात ओ गटात गंभीर मलेरियाची शक्यता सुमारे दोन तृतीयांशाने कमी दिसली. 'गंभीर' हा शब्द नीट वाचा. ओ गटाच्या माणसाला डास चावतो, लागण होते, तापही येतो. मेंदूपर्यंत जाण्याचा धोका कमी असतो, एवढंच.

आणि ओ असणं ही सरसकट चैन नाही. कॉलऱ्यात नेमकं उलटं होतं. पेरूमध्ये ओ गटाचं प्रमाण फार मोठं. तिथे १९९१ मध्ये साथ आली तेव्हा जीवघेणे जुलाब ओ गटातच जास्त दिसले. गंगेच्या खोऱ्यात ओ गट कमी आहे, तो शतकानुशतकांच्या कॉलऱ्यामुळेच, असं काही संशोधक मानतात. उलट प्रवासात जुलाब लावणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या एका जातीला ए गटाचं वेड. स्वयंसेवकांवरच्या २०१८ च्या अभ्यासात ए गटातल्या ८१ टक्क्यांना मध्यम ते तीव्र जुलाब झाले, ओ आणि बी गटांत निम्म्यांना. अर्थात माणूस वाचतो तो पोटात गेलेल्या पाण्यावर. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. तिथे कोणी कोणाचा गट विचारला नव्हता.

आता आमच्या मुंबईचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये इथेच बॉम्बे रक्तगट शोधला. या माणसांत एचची साखळीच नसते. टाइलवर ते ओ दिसतात, पण ओची एकही पिशवी क्रॉसमॅचला (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून बघतात तेव्हा) जुळत नाही. पहिल्यांदा हे माझ्यासमोर आलं तेव्हा मी सात पिशव्या लावल्या होत्या, सातही नळ्यांत तळाला गुठळी. मग अँटी-एच लावलं, तर तिथे काहीच धरलं नाही. वरिष्ठ नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या रुग्णासाठी दाता शोधायला दीड दिवस गेला. एवढी अडचण सोसणाऱ्या या माणसांच्या आतड्याच्या अस्तरावरही ती साखर नसते, त्यामुळे उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसच्या बहुतेक प्रकारांना धरायला जागाच मिळत नाही.

कोविडचंही विचारतील कोणी. ओ गटात लागण थोडी कमी दिसली, पण फरक इतका लहान की त्यावर विसंबून मास्क काढण्यासारखं काही नव्हतं.

आता तुमच्याबद्दल. वायव्हॅक्स यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी परत उठतो. तिथे कुठलाच रक्तगट मदतीला येत नाही. क्लोरोक्विनचे तीन दिवस झाले, ताप उतरला, म्हणून पुढच्या गोळ्या सोडल्या असतील तर डॉक्टरांना आजच सांगा. यकृतात दडलेल्या जंतूसाठीची प्रायमाक्विन साधारण १४ दिवस घ्यायची असते, आणि त्याआधी जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम) तपासलेलं बरं. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. तुमचा किती दिवसांचा कोर्स झाला ते खाली लिहा.