शाळेच्या कौन्सेलरला घरचं सांगा

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा दुसरीत आहे. दिवाळीनंतर रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतो, डबा तसाच परत आणतो, वर्गात विचारलं तरच बोलतो. शाळेच्या कौन्सेलरनं एक फॉर्म पाठवलाय. आठवड्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत चार-पाच मुलांचा गट ती घेते, तिकडं त्याला ‘लंच बंच’ म्हणतात, त्यात ह्याला घ्यायचंय. पालकांची सही हवी. आई विचारते, सही करावी का? हे रेकॉर्डवर राहील का, पुढं मुलाला आडवं येईल का? नवरा म्हणतो, थांबू थोडं, आपोआप जाईल. आणि कोल्हापुरातल्या सासूबाईंचं फोनवर एकच पालुपद, “माझ्या नातवाला काय येड लागलंय व्हय?”

ताई, सही करा. पोटदुखीसाठी आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या, ते टाळू नका. पण फॉर्म त्यासाठी अडवून ठेवू नका. शनिवार-रविवारी पोट दुखत नाही आणि सोमवारी बसच्या वेळेला दुखतं, असं तुम्हीच लिहिलंय. पोर खोटं बोलत नाहीये. काळजीनं मुलांचं पोट खरोखर दुखतं.

आता ही कौन्सेलर कोण, ते आधी नीट समजून घ्या, कारण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या माणसांची गल्लत झालीय. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेत कौन्सेलर सगळ्याच मुलांसाठी असते. ती वर्गात येऊन राग, भीती, मैत्री, भांडण यांवर तास घेते. काही मुलांचे छोटे गट घेते, साधारण सहा-आठ आठवडे, एका वेळी अर्धा तास. आणि एखाद्या मुलाशी एकट्यानं थोडे दिवस बोलते. ती आजाराचं निदान करत नाही, औषध देत नाही, वर्षानुवर्षं उपचारही करत नाही. जास्त मदत लागणार असं वाटलं तर बाहेरच्या थेरपिस्टचं नाव सुचवते. स्कूल सायकॉलॉजिस्ट ही वेगळी व्यक्ती. शिकण्यात काही अडचण आहे का याच्या चाचण्या ती घेते आणि विशेष शिक्षणासाठीची पहिली तपासणी तुमच्या लेखी संमतीशिवाय होऊ शकत नाही. तुम्हाला आलेला फॉर्म त्या तपासणीचा नाही. मुलाला कुणी काही ठरवायला निघालेलं नाही, जेवायच्या सुट्टीत त्याला चार सवंगडी मिळावेत एवढाच बेत आहे. सरकारी शाळेत ह्याला पैसे पडत नाहीत, विम्याचा संबंध येत नाही.

रेकॉर्डची भीती मला जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसते, म्हणून ती एकदाच स्पष्ट करते. १९७४ च्या फेर्पा कायद्यानं मुलाच्या शैक्षणिक नोंदी पाहायचा हक्क पालकांना आहे. काही चुकीचं लिहिलंय असं वाटलं तर दुरुस्ती मागता येते. कौन्सेलरनं फक्त स्वतःच्या आठवणीसाठी लिहून ठेवलेलं आणि कुणाला न दाखवलेलं टिपण त्या नोंदींत धरत नाहीत. दुसरीतल्या मुलानं लंच बंचमध्ये खाल्लेल्या डब्याचा रकाना कॉलेजच्या अर्जात नसतो. एचवनबी हा नोकरीचा व्हिसा असो नाहीतर ग्रीन कार्ड, त्या कागदपत्रांशीही शाळेतल्या ह्या गटाचा संबंध नाही. ही शंका तुम्ही उघड विचारली नाहीत, पण “आमचं अजून इथं पक्कं नाही” हे वाक्य पत्रात दोनदा आलंय, म्हणून लिहिलं.

तर सही हा सोपा भाग झाला. माझ्या मते खरं काम त्यानंतरचं आहे. कौन्सेलरला मूल दिसतं ते शाळेतलं. अर्धंच. उरलेलं अर्धं मूल तुमच्या घरात आहे, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत त्यातलं बरंचसं कोल्हापुरात असतं. ते तिला कोण सांगणार? अमेरिकेतल्या शालेय कौन्सेलर्सच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका कौन्सेलरमागे २५० मुलांची आहे, आणि बहुतेक राज्यांत प्रत्यक्षात त्याहून जास्त मुलं एकीच्या वाट्याला येतात. ती तुमच्या दारात येऊन विचारपूस करेल, अशी वाट बघू नका.

तुम्ही म्हणालात, जमलं तर सासूबाईंना भेटून समजावा. मी मंगळवार पेठेत त्यांच्या घरी जाऊन आले. इथं लिहितेय ते दोघींच्या परवानगीनं, नावं गाळून. त्या एप्रिलमध्ये तुमच्याकडं आल्या, व्हिसाचे सहा महिने राहिल्या, ऑक्टोबरात परतल्या. हे तुमच्या पत्रात होतं. पत्रात नव्हतं ते त्यांनी सांगितलं. परत आल्यापासून रोज पहाटे सहाला त्यांचा आणि नातवाचा फोन असायचा. तिकडं रात्रीचे साडेआठ. त्या ओट्यावर गुळाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवायच्या आणि चहा टाकायच्या. तो अंथरुणात पडून बघायचा. दोघं फार बोलायचेही नाहीत. पातेलं ठेवल्याचा आवाज, आल्याचं ठेचणं, दूधवाल्याची हाक, आणि मधेच, “झोपलास व्हय रं?” बहुतेक वेळा तो झोपलेलाच असायचा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडची घड्याळं तासभर मागं गेली. भारतात घड्याळ बदलत नाही. तुमचे साडेआठ म्हणजे आता इथले सात. “सातला मी अंबाबाईला जातो की,” त्या म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्यांचा हा नेम आहे, मिरजकर तिकटीवरून चालत देवळात जायचं, तो त्यांनी कधी मोडला नाही. दोन-तीन दिवस फोन वाजून बंद झाला, मग त्यानं लावणं सोडलं. तुम्हाला हे जाणवलं नाही, कारण रविवारचा सगळ्यांचा व्हिडिओ कॉल चालूच होता. त्यांनाही वाटलं, पोरगं शाळेच्या गडबडीत असेल. ह्यात कुणाची चूक नाही.

पोटदुखीचं कारण फक्त हेच, असं मी म्हणणार नाही. शाळेत आणखी काही असू शकतं, कुणी चिडवत असेल, बसमध्ये काही होत असेल, आणि ते शोधायला कौन्सेलरच योग्य आहे. पण तारखा बघा. ही गोष्ट तिला कळली तर पहिल्याच भेटीत त्याच्याशी काय बोलायचं हे तिला उमगेल. नाहीतर ती त्याला मित्र कसे करावेत हे शिकवत बसेल, आणि त्याचं मन मात्र मंगळवार पेठेतल्या ओट्यापाशी असेल.

म्हणून फॉर्मसोबत एक छोटी ईमेल लिहा. इंग्रजी सफाईदार नसलं तरी चालेल. घरात मराठी बोलतो. आजी सहा महिने त्याच्या खोलीत झोपायची, अमुक तारखेला भारतात परत गेली. झोपताना तिच्याशी रोज फोन व्हायचा, तो नोव्हेंबरात थांबला. त्यानंतर पोटदुखी सुरू झाली. घरी तो भरपूर बोलतो, गाणी म्हणतो. त्याला चित्रं काढायला आवडतात. एवढं पुरे. तो घरी बोलतो हे वाक्य तर गाळूच नका. नव्या भाषेत पडलेलं मूल काही काळ गप्प राहणं स्वाभाविक आहे. पण तुमचा मुलगा तिथंच जन्मला, इंग्रजी त्याला येतं. घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत महिना-महिना तोंडच उघडत नसेल, शाळा सुरू झाल्याचा पहिला महिना सोडून, तर त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात आणि त्यासाठी वेगळी मदत लागते. तुमचा मुलगा विचारल्यावर उत्तर देतो, तेव्हा मला आज ती शक्यता कमी वाटते. पण ते पारखायचं तर घरची आणि शाळेची, दोन्ही माहिती एकत्र यायला हवी.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, तो तिथं घरातलं काय काय सांगेल? तुमचं आणि नवऱ्याचं मधे एकदा जोरात भांडण झालं, आणि एकदा तुम्ही त्याला धपाटा घातला, हेही तुम्ही लिहिलंत. इतकं सरळ लिहिलंत, म्हणून मीही सरळ लिहिते. मुलानं सांगितलेलं कौन्सेलर सगळंच तुम्हाला येऊन सांगणार नाही, आणि ते बरोबर आहे. पण मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं, किंवा त्याला मारहाण, छळ होतोय असा रास्त संशय आला, तर ती गुप्तता पाळू शकत नाही. शाळेतल्या लोकांवर ते कळवण्याची कायद्यानं जबाबदारी आहे. आईबापांचं भांडण झालं एवढ्यावरून कुणी दारात येत नाही. पण हात उचलणं थांबवा. कायद्याच्या भीतीनं नव्हे, पोटात दुखणाऱ्या पोराला धपाट्यानं आणखी दुखतं म्हणून. आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. “घरातलं बाहेर बोलायचं नाही” असं त्याला पढवून पाठवू नका. मी कोल्हापुरात मुलांशी बोलते, तेव्हा असं पढवलेलं मूल लगेच ओळखू येतं. ते प्रत्येक उत्तराआधी दाराकडं बघतं. मग त्याच्या मनातलं काहीच हाती लागत नाही, आणि उद्या खरंच कुणी त्याला त्रास दिला तर तेही ते तुम्हाला सांगणार नाही. त्याला इतकंच सांगा, तिथं तुला वाटेल ते बोल, आई-बाबा रागावणार नाहीत.

भेटीला दोघांनी जा. नवऱ्याला वेळ नसेल तर फोनवर घ्या, पण ते हवेतच. तुमच्यापैकी कुणाला इंग्रजीत मनासारखं बोलता येत नसेल तर दुभाषा मागा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली, इंग्रजी कमी येणाऱ्या पालकांशी त्यांना समजेल अशा भाषेत बोलणं ही शाळेची जबाबदारी आहे, आणि त्याचे पैसे पालकांकडून घेत नाहीत. बऱ्याचदा फोनवरून दुभाषा जोडून देतात, तेव्हा आधी कळवा आणि मराठी हवी असं स्पष्ट सांगा, नाहीतर भारतीय म्हटल्यावर हिंदीचा माणूस येतो. मुलालाच मधे बसवून भाषांतर करायला लावू नका.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना समजावायला मला फार बोलावं लागलं नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, तेव्हापासून ह्या गावानं घर सोडून आलेली पोरं बघितलीत. त्यांचे थोरले भाऊ गडहिंग्लजकडच्या खेड्यातून इथं बोर्डिंगात शिकायला होते. पहिल्या वर्षी रोज रात्री रडायचे, तेव्हा तिथले एक सर त्यांना आपल्या खोलीत बोलावून शेंगा द्यायचे आणि गावाकडच्या गप्पा काढायचे. हे त्यांनी स्वतःच आठवून सांगितलं, आणि म्हणाल्या, “मग ती बाई म्हंजे त्या सरांसारखीच की.” मी हो म्हटलं. फोनचंही त्यांनीच ठरवलं, “मी साडेसातला जातो. देवी काय कुठं पळून जात न्हाई.” मार्चच्या दुसऱ्या रविवारी तुमची घड्याळं पुन्हा तासभर पुढं जातील, तेव्हा साडेआठचा फोन इथं पुन्हा सहाला येईल. आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

इंग्लंडमधून वाचणाऱ्यांसाठी थोडं. तिथल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत कौन्सेलर असेलच असं नाही. मुख्य प्रवाहातल्या शाळेत सेन्को, म्हणजे विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांची जबाबदारी सांभाळणारे शिक्षक, मात्र असावेच लागतात, सुरुवात त्यांच्यापासून करा, आणि मुलांच्या भावनिक आधारासाठी प्रशिक्षण घेतलेली एल्सा शाळेत आहे का विचारा. मुलाला स्वतः बोलायचं असेल तर चाइल्डलाइनचा ०८०० ११११ हा फोन फुकट आहे. जर्मनी, ऑस्ट्रेलिया, आखातातली व्यवस्था निराळी आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

ताई, लंच बंच सुरू झाल्यावर रोज “आज काय झालं तिथं” असं विचारू नका. डबा रिकामा येतो का, सोमवारी बसपर्यंत कसा जातो, एवढं बघा आणि तारखेसह लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी कौन्सेलरकडं पंधरा मिनिटं मागून ते टिपण तिच्यासमोर ठेवा. तोवर फरक पडला नसेल, किंवा त्याआधीच तो जेवण टाकू लागला, झोप उडाली, “मला जगायचं नाही” अशासारखं काही बोलला, तर गटाची मुदत संपायची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना फोन करा. रात्री-अपरात्री अशी वेळ आली तर अमेरिकेत ९८८ ह्या मानसिक संकटातल्या मदतीच्या क्रमांकावर फोन लागतो.