वनस्पतिजन्य आहारासाठी वर्षभराचे पैसे आगाऊ भरावेत का?

आपण दोघेही नोकरी करता, मांस, अंडी आणि दूध सोडून पूर्णपणे वनस्पतिजन्य आहाराकडे वळण्याचे आपण ठरवले आहे, आणि स्वयंपाकाला वेळ मिळत नसल्याने तयार जेवण घरपोच देणाऱ्या सेवेचे वर्षभराचे शुल्क सवलतीत आगाऊ भरावे का, तेही आपत्कालीन निधीतून, असे आपण विचारले आहे. आहार अवश्य बदलावा, मात्र ही रक्कम आगाऊ भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १५० देशांतील किमतींच्या आधारे २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, श्रीमंत देशांत पूर्ण वनस्पतिजन्य आहाराने अन्नखर्च एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो, असे आढळले; कमी उत्पन्नाच्या देशांत मात्र आरोग्यदायी आहार लोकांच्या सध्याच्या आहारापेक्षा महाग पडतो. या हिशेबात मांसाला पर्याय म्हणून मिळणारे प्रक्रिया केलेले पदार्थ आणि बाहेरचे जेवण धरलेले नव्हते, ही बाब आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. बचत होते ती कडधान्ये, धान्ये, भाज्या आणि फळे घरी शिजवल्यावर. आपण जी सेवा घेऊ पाहता, तिच्यात आपण मुख्यतः दुसऱ्याच्या श्रमाचे पैसे देणार आहात. त्यात गैर काहीच नाही, पण तो खर्च आहाराच्या नावावर टाकू नये.

कोणताही पदार्थ महाग की स्वस्त हे ठरवताना पाकिटाच्या किमतीला त्यातील एकूण प्रथिनांच्या ग्रॅमने भागून पाहावे. बहुतेक कोरड्या कडधान्यांत १०० ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि शिजल्यावर त्यांचे वजन दुपटीहून अधिक होते. रात्री भिजवून सकाळी दोन-तीन दिवसांचे एकदम शिजवले आणि भाग करून गोठवून ठेवले, तर रोजचे कष्ट पुष्कळ कमी होतात. अर्थात ही सवय अंगवळणी पडायला काही आठवडे जातात, आणि तेवढ्या काळासाठी विकतची मदत घेणे मला रास्त वाटते.

आता सवलतीचा हिशेब पाहू. समजा ती २० टक्के असेल, तर आपण सुमारे साडेनऊ महिन्यांचे पैसे आजच भरता, म्हणजे त्याआधी चव न आवडल्याने, बदली झाल्याने किंवा सेवाच बंद पडल्याने जेवण थांबले आणि पैसे परत मिळाले नाहीत, तर तोटाच होईल. नव्या आहाराच्या पहिल्याच वर्षी ही जोखीम घेण्याचे कारण मला दिसत नाही. आपत्कालीन निधी तर नोकरी जाणे आणि आजारपण यांसाठीच राखून ठेवावा.

एका खर्चात मात्र काटकसर करू नये. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून त्याची गोळी आणि अधूनमधून रक्ततपासणी यांची तरतूद मासिक अंदाजपत्रकात कायमची करावी.

तीन महिने ही सेवा मासिक शुल्कावर आणि केवळ कामाच्या दिवसांपुरती घ्यावी, पैसे चालू पगारातून द्यावेत आणि किराणा व तयार जेवण यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. गरज आठवड्यात दोन-तीन जेवणांवर आली, तर तेवढ्याचीच मागणी सुरू ठेवावी. रोजचीच राहिली, तर ती रक्कम नियमित खर्च म्हणून धरून बचतीचा मासिक हप्ता नव्याने ठरवू.