फादरची सही लागते का?

“कादंबरी पूर्ण आहे. पण छापायच्या आधी फादरची सही लागते का? आणि समजा मिळाली, तरी आमचे लोक सोडून दुसरं कोणी वाचेल का?”

गोव्यात डिचोली भागात मराठी शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचे हे प्रश्न. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) माहेर अहमदनगरचं, मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या परंपरेतलं प्रॉटेस्टंट घर. सासर बार्देशातलं कॅथलिक. हस्तलिखित 90,000 शब्दांचं, 31 प्रकरणांचं. शेवटचं वाक्य लिहून दोन वर्षं झालेली आणि तेव्हापासून “शेवटचा हात” फिरवणं चालूच. प्रकाशकाला एक पत्रसुद्धा गेलेलं नव्हतं. विश्वासातून लिहिणाऱ्या लेखकांकडून ही चिंता इतक्यांदा ऐकू येते, की हे एक उदाहरण जरा सविस्तर मांडणं बरं.

सहीचा प्रश्न दोन मिनिटांचा आहे. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेनुसार बायबलची भाषांतरं, धर्मशिक्षणाची पुस्तकं, प्रार्थनापुस्तकं, ईशज्ञानाची पाठ्यपुस्तकं यांना बिशपांची अनुमती लागते. कादंबरीला लागत नाही. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या दिवशी इगर्जेच्या (चर्चच्या) आवारात पुस्तकांचं टेबल लावायचं असेल तर मात्र आधी विगारांना, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्रींना विचारायचं. जागा त्यांची, आणि धर्म-नीतीवरची पुस्तकं तिथे विकण्याबाबत त्याच संहितेत वेगळा नियम आहे.

हे ऐकून बाईंचा चेहरा उजळेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. परवानगीची भूक कागदी सहीने भागणारी नव्हती. म्हणून त्यांना विचारलं, लिहिताना समोर कोण बसलेलं दिसतं? त्यांनी तिघांची नावं घेतली: सासूबाई, माहेरचे पाळक (प्रॉटेस्टंट धर्मगुरू) आणि शाळेच्या मुख्याध्यापिका. तिघांपैकी कादंबऱ्या वाचणारं कोणीच नव्हतं.

मग हस्तलिखितात त्या तिघांच्या खुणा शोधायचं ठरलं. तीन रंगांच्या पेन्सिली आणि आठवडाभराचा वेळ. सासूबाई कुठे दुखावतील म्हणून लिहिलेलं वाक्य लाल, पाळकांना दाखवायचं म्हणून लिहिलेलं निळं, मुख्याध्यापिकांसारख्या हिंदू वाचकाला समजावण्यासाठी घातलेलं हिरवं. पुढच्या भेटीत पानं बाजारातल्या खणांसारखी रंगीत होऊन आली. नायिकेच्या सासूत एकही दोष नव्हता, त्यामुळे ती पानावर श्वासच घेत नव्हती. ‘तेर्स’ हा शब्द आला की दर वेळी “म्हणजे जपमाळेची प्रार्थना” हे शेपूट होतंच. आणि सगळ्यांत मौजेचं म्हणजे, साळगावच्या इगर्जेत मिसेला गेलेली म्हातारी ‘पाळकां’च्या हातून ‘प्रभुभोजन’ घेत होती! पाळक आणि प्रभुभोजन हे शब्द नगरच्या उपासनेतले. बार्देशातली म्हातारी पाद्रीच्या हातून कम्युनियन घेईल. दोन्ही घरं सांभाळण्याच्या नादात पात्राचा पंथ मधेच बदलून गेला होता, आणि ही चूक बाहेरच्याला दिसणार नाही पण घरचा वाचक पहिल्या पानावर पकडेल.

उपाय साधा होता. प्रत्येक पात्राची शब्दांची यादी करायची: ती देवळाला काय म्हणते, पुरोहिताला काय म्हणते, अडचणीत पहिला शब्द कुठला येतो. त्या यादीबाहेर तिच्या तोंडी काही घालायचं नाही. अर्थ कंसात देण्याऐवजी कृतीतून द्यायचा. संध्याकाळी घरातले सगळे आल्तारासमोर गुडघे टेकतात आणि बोटं मण्यांवरून सरकतात, एवढं दिसलं की तेर्स म्हणजे काय हे फोंड्याच्या हिंदू वाचकालाही कळतं.

निळ्या पेन्सिलीचा प्रश्न अवघड होता. 31 पैकी 19 प्रकरणांत प्रार्थना होती आणि प्रत्येक प्रार्थना त्याच प्रकरणात फळत होती. एक प्रसंग असा: नायिकेचा तारवटी नवरा जहाजावरून बेपत्ता, ती रात्रभर प्रार्थना करते, पहाटे फोन वाजतो, तो सुखरूप. कादंबरी प्रवचनासारखी वाटू लागते ती अशा ठिकाणी. देवाचं नाव आल्यामुळे नव्हे, तर लेखिकेने ताण स्वतःच सोडवून टाकल्यामुळे. पात्राला शंका घेण्याची संधीच दिली नाही, तर त्याचा विश्वास वाचकाला फुकटचा वाटतो.

सुचवलं ते एवढंच, की प्रार्थना ठेवा, फोन काढा. पुन्हा लिहून आलेल्या प्रसंगात पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजतो. ती सवयीने पाच पोयो (गोव्यातले पाव) घेते. घरात माणसं चार. पाचवी पोई फडक्यात तशीच गुंडाळलेली राहते आणि दुपारपर्यंत चामट होते. त्या पोईकडे बघत ती म्हणते, “आज प्रार्थना करणार नाही.” नवऱ्याची बातमी येते ती थेट आठ प्रकरणांनंतर. हस्तलिखितातली ही सगळ्यांत धार्मिक जागा झाली असं आमचं मत. बाईंना आठवडाभर ते पटलं नव्हतं.

“पण दुसरं कोणी वाचेल का?” हा प्रश्न मधेमधे परत येतच होता. त्याला धीर देऊन उपयोग नसतो, पुरावा द्यावा लागतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचंच नाव घेतलं जातं, आणि ती हिंदू विधवांच्या दुःखाविषयी एका ख्रिस्ती लेखकाने लिहिली. गोव्यापुरतं बोलायचं तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, मराठी भाषेत पण रोमन लिपीत. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. म्हणजे दार चारशे वर्षांपूर्वीच उघडलेलं आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली: गोव्यातला बहुतेक कॅथलिक वाचक कोंकणी किंवा इंग्रजी वाचतो. या पुस्तकाचा ख्रिस्ती वाचक नगर, पुणे, वसईकडे जास्त सापडेल आणि गोव्यातला वाचक मुख्यतः हिंदू असेल. हे मान्य केलं की मुखपृष्ठापासून निमंत्रणांपर्यंत बरेच निर्णय आपोआप सुटतात.

बायबलच्या वचनांबाबत जवळजवळ प्रत्येक जण गाफील असतो. बाईंच्या प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक वचन होतं. वचन पुरातन असलं तरी भाषांतर पुरातन नसतं. सध्या वापरातल्या मराठी बायबलच्या आवृत्तीत आतल्या पानावर बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे हक्क राखीव असल्याचं लिहिलेलं असतं. तेव्हा वचनांची यादी, आवृत्तीचं नाव, किती प्रती छापणार हे कळवून लेखी परवानगी मागायची. दुसरा मार्ग जुन्या भाषांतराचा. पंडिता रमाबाईंचं निधन 1922 चं, त्यांचं भाषांतर हक्कमुक्त आहे. बाईंनी तिसरा मार्ग घेतला आणि 31 पैकी 28 वचनं काढली. उरलेल्या तीन वचनांसाठी पत्र लिहिलं.

शब्दसंख्या 90,000 वरून 62,000 वर आली. हा आकडा हौसेचा नाही. छपाई 16 पानांच्या फर्म्यात चालते. पानाला साधारण 267 शब्द धरले तर 62,000 शब्दांची 232 पानं होतात, सुरुवातीची 8 धरून 240, म्हणजे नेमके 15 फर्मे. मूळ मजकुराचे 22 झाले असते. अनोळखी लेखिकेच्या पहिल्या पुस्तकावर सात फर्मे जास्तीचे म्हटल्यावर प्रकाशक पत्र मिटून ठेवतो.

पाठवायचं काय? एका पानाचं पत्र, शेवटासकट दोन पानांचा सारांश (शेवट लपवू नये, प्रकाशक म्हणजे वाचक नव्हे) आणि सुरुवातीची सलग तीन प्रकरणं. मधलं “गाजणारं” प्रकरण पाठवायचा मोह टाळावा. जोडीला पोयोचा प्रसंग 3,000 शब्दांच्या स्वतंत्र कथेत बसवून दिवाळी अंकांना धाडला. ते काम पावसाळ्याच्या सुरुवातीलाच उरकलेलं बरं, गणपतीत पाठवून उपयोग नसतो.

पहिलं उत्तर आलं ते 65,000 रुपये मागणारं, 300 प्रतींसाठी. अशा वेळी तीन गोष्टी विचाराव्यात: आयएसबीएन कोणाच्या नावावर, न विकलेल्या प्रती कोणाच्या, दुकानांत पुस्तक नेणार कोण. आयएसबीएन हा 13 अंकी क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, त्यामुळे त्याचे पैसे लावलेले दिसले की बाकीचा हिशेबही तपासावा. बाईंनी विचारलं. उत्तर आलंच नाही.

तिसऱ्या प्रकाशकाने होकार दिला. 10 टक्के मानधन, 500 प्रती. किंमत 350 धरली तर प्रतीमागे 35 रुपये, सगळ्या खपल्या तर 17,500. नोकरी सोडण्याचा विचार मनात असेल तर तो या आकड्यापाशी थांबवावा. करारात मुदत आणि प्रदेश लिहून घेतला. हे लिहिलं नाही तर 1957 चा कॉपीराइट कायदा मुदत 5 वर्षं आणि प्रदेश भारत असं धरतो. भाषांतराचे आणि ऑडिओचे हक्क बाईंनी स्वतःकडे ठेवले. कोंकणीत हे पुस्तक जाईल अशी आशा आहे.

सध्या दुसरं प्रूफ चालू आहे. युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये नेताना ‘ऱ्या’ सगळीकडे तुटला: ‘किनाऱ्यावर’ला ‘किनार्यावर’. ‘ॲ’ तर कित्येक ठिकाणी नाहीसाच झाला. संगणकावर शोधून सगळं सापडत नाही, कागदावर पट्टी ठेवून ओळ ओळ वाचावं लागतं.

सासूबाईंचा प्रश्न उरला होता. नुसतं नाव बदलून पात्राची ओळख पुसत नाही, म्हणून गाव, आजार, मुलांची संख्या आणि व्यवसाय असं चारही बदललं, आणि मग त्या पात्राला हट्टी व्हायची मुभा दिली. त्यांनाच वाचायला देऊन टाका, असंही सुचवलं होतं. बाई हसल्या. सासूबाई आयुष्यभर रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणीच वाचत आल्या आहेत, देवनागरी त्यांना लागतच नाही. दोन वर्षं ज्या वाचकाची धास्ती होती, तिला पुस्तक वाचूनच दाखवावं लागणार आहे. बाईंनी त्यासाठी चौथं प्रकरण निवडलं आहे, म्हातारी भांडते ते.