दारू एकदम तोडू नका

सप्रेम नमस्कार,

तुमचे यजमान अनेक वर्षांपासून रोज दारू पितात आणि अलीकडे त्यांना झोपेच्या गोळ्यांचीही सवय लागली आहे. तुम्ही बाटल्या ओतून दिल्या, गोळ्या फेकल्या आणि त्यांना खोलीत कोंडले. दुसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरू लागले, अंग घामाने भिजले आणि चादरीवर नसलेले किडे ते वेचू लागले. सासूबाई म्हणाल्या, ‘नाटके आहेत सगळी’. शेवटी दिरांनी पेला हातात दिला, तेव्हा ते शांत झाले. आता सुट्टीत हाच उपाय अधिक कडकपणे करावा का आणि तोवर दारू सोडवणारी पावडर त्यांच्या नकळत जेवणात मिसळावी का, असे तुम्ही विचारता. दोन्ही गोष्टी कृपा करून करू नका.

ते नाटक नव्हते. मद्य मेंदूला सतत गुंगीत ठेवते, म्हणून मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. मद्य अचानक थांबले की त्या उत्तेजनेला आवर घालणारे काहीच उरत नाही. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत ताप, भास, स्थळकाळाचे भान हरपणे अशी अवस्था उद्भवू शकते, जिला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि जी उपचारांवाचून जिवावर बेतू शकते. अल्प्राझोलाम किंवा डायझेपामसारख्या गोळ्याही मेंदूच्या त्याच यंत्रणेवर काम करतात, त्यामुळे दोन्ही एकदम बंद केल्यास धोका वाढतो. असा प्रयोग वारंवार केला, तर पुढची खेप बहुधा आधीपेक्षा जड जाते. हेरॉइन सोडणाऱ्याचे हाल पाहवत नाहीत, तरी निव्वळ ते सोडल्याने सहसा प्राण जात नाहीत. घरोघरी उजळ माथ्याने वावरणारी दारू मात्र सोडतानाही जीव घेऊ शकते. दिरांवर रागावू नका, पण त्या रात्री यजमानांची जागा रुग्णालयात होती.

पावडरीत नेमके काय आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर उलट्या, धडधड होऊन रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. शिवाय अशी फसवणूक उघडकीला आली की तुमच्या हातचे जेवणही त्यांना संशयास्पद वाटू लागेल.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना रोजचे प्रमाण, शेवटच्या पेल्याची वेळ, गोळ्यांची नावे आणि किडे दिसल्याची गोष्ट लाज न बाळगता सांगा. ते बहुधा काही दिवस दाखल करून घेतील, त्रास आवरणारे औषध देऊन त्याचे प्रमाण हळूहळू उतरवतील आणि थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व देतील, कारण त्याच्या कमतरतेने स्मरणशक्ती कायमची बिघडू शकते. पुढे ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट यांचा विचार होऊ शकतो. भेट होईपर्यंत ना दारू एकदम तोडायची, ना गोळ्या. मात्र दोन्ही एकाच वेळी पोटात गेल्यास श्वास मंदावू शकतो, त्यामुळे हलवूनही ते जागे होत नसतील, तर त्यांना कुशीवर वळवून तत्काळ रुग्णवाहिका बोलवा.

तुम्ही स्वतः किती रात्री झोपलेल्या नाहीत, हे पत्राच्या अक्षरांवरून दिसते. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा होतात. यजमान उपचारांना तयार होवोत वा न होवोत, तुम्ही तिथे जाऊ शकता.