अबोल माणसाला भावना कळत नाहीत?

प्रश्न : मी खानापूरचा, वय ४२. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. बढतीआधी आमची भावनिक बुद्धिमत्तेची चाचणी झाली, त्यात मला गुण कमी पडले. ‘नवख्या माणसांत मी पटकन मिसळतो’, ‘मनातलं सहज बोलून दाखवतो’ अशी विधानं होती. मी मुळातच अबोल. बायको म्हणते, तोंडात मिठाची गुळणी धरून बसता. मध्यंतरी आमच्या एका कन्नड मोल्डरने दोन दिवस डबाच उघडला नाही. बाजूला घेऊन ‘एनातु?’ (काय झालं?) एवढंच विचारलं. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आठवडाभर त्याला ओतकामावर लावलं नाही. तरी मला भावना कळत नाहीत का?

उत्तर : कळतात, आणि चांगल्या कळतात. दोन दिवस न उघडलेला डबा तुम्हाला दिसला. मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाला वितळलेल्या लोखंडापाशी उभं करू नये, हेही सुचलं. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, ती याच क्षमतेची: भावना ओळखणं, समजून घेणं, सांभाळणं.

तुमची चाचणी दुसऱ्या जातीची. ‘मी असा आहे’ हे ज्याचं त्यानेच सांगायचं. अशा चाचण्यांचे गुण स्वभावाशी बरेच जुळतात. बोलक्या, शांत डोक्याच्या माणसाला जास्त, बुजऱ्याला किंवा काळजी करणाऱ्याला कमी. चेहरे, प्रसंग दाखवून उत्तरं काढणाऱ्या चाचण्यांचं स्वभावाशी नातं बरंच सैल असतं. अबोलपणा मोजून त्याला भावनांचं अडाणीपण म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. टिळकवाडीत माझ्याकडे गोडबोले लोकही येतात. समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांच्या गावीही नसतो.

स्वभावाचा काहीच संबंध नाही, असं मात्र नाही. दुसऱ्याबद्दल आपुलकी असणाऱ्यांना, नव्याची ओढ असणाऱ्यांना या क्षमतेच्या चाचणीतही थोडे जास्त गुण मिळतात.

वहिनींची तक्रार मला खरी वाटते. मोल्डरची गोष्ट तुम्ही घरी सांगितली होती का? नसेल, तर तुमच्या मनात काय चालतं हे त्यांना कळणार कुठून? स्वभाव बदलायची गरज नाही, रात्री जेवताना दिवसातली एक गोष्ट सांगा. आणि बढतीचं बोलायला साहेबांकडे जाल, तेव्हा तो आठवडाभराचा ओतकामाचा बदल कशासाठी केला होता, तेही सांगा.