अशोकमामा आपले कोण लागतात?

प्रिय चिऊ,

रात्रपाळी करून खोलीवर आले तेव्हा तुझा व्हॉइस मेसेज आलेला होता. दोनदा ऐकला. "आई, टीव्ही लावला की आजी म्हणते, आले बघ अशोकमामा. पण ते तर आजीच्याच वयाचे आहेत ना? मग ते तिचे मामा कसे? ती म्हणते तुझेपण मामा आणि माझेपण मामा. असं सगळ्यांचं मामा कुणी असतं का? आणि निवेदिता सराफ मग आपल्या मामी का नाहीत?" एवढं सगळं फोनवर सांगायचं तर माझी झोप आणि तुझी शाळा दोन्ही बुडेल, म्हणून लिहून पाठवते. आधी स्वतः वाच, अडलं की आजीला विचार.

ते मामा कसे झाले हे अशोक सराफांनीच मुलाखतींत सांगितलं आहे. कोल्हापूरला एका सिनेमाचं शूटिंग चालू होतं. तिथल्या कॅमेरामनची छोटी मुलगी सेटवर यायची. हे कोण, तर हे अशोकमामा, असं तिला सांगितलं गेलं. ती मामा म्हणायला लागली, तिचं ऐकून सेटवरची माणसं म्हणायला लागली, आणि होता होता सगळा महाराष्ट्र. सुरुवात एका तुझ्यासारख्या मुलीने केली, हे लक्षात ठेव.

आता आपल्या घरात बघ. आजी ही माझी आई. पण तू बोलायला लागलीस तशी मीही तिला "आजी, चहा घेतलास का" असंच विचारते. माझ्या भावाला मी जन्मभर दादा म्हणत आले, आणि तू झाल्यापासून "मामाला फोन दे" म्हणते. आजीसुद्धा पोटच्या मुलाला हाक मारते, "मामा आला का रे जेवायला?" तो तिचा मामा आहे का? नाही. तो तुझा मामा आहे. आपल्याकडे घरात लेकरू आलं की सगळ्यांची नावं त्याच्या तोंडाने ठरतात. ते ज्याला मामा म्हणेल तो ऐंशी वर्षांच्या बाईचाही मामा होतो. आजी अशोकमामा म्हणते ती तुझ्या बाजूने म्हणते.

घराबाहेरही तेच. रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी, चौकातले पोलीसमामा. नाशिकमध्ये तर नाना, आबा, बापू, अण्णा यांना तोटा नाही. ज्यांनी 'नटसम्राट' लिहिलं ते कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, 1987 चा ज्ञानपीठ मिळालेले एवढे मोठे कवी, पण नाशिककरांचे ते तात्यासाहेबच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, भारतात सिनेमाची सुरुवात करणारे धुंडिराज गोविंद फाळके, ते दादासाहेब. आपण तर नदीलाही सोडलेलं नाही, गोदामाई म्हणतो. आणि चंद्र मामा आहेच.

पण काका न म्हणता मामाच का? मला विचारशील तर यातच सगळी गोडी आहे. मामा म्हणजे आईचा भाऊ, आईच्या माहेरचा माणूस. तुझं जावळ काढलं तेव्हा तू मामाच्या मांडीवर होतीस. सराफ बाजारात कान टोचले तेव्हाही त्याच्याच मांडीवर, आणि सोनाराने तार हातात घेतल्यावर तू मामाचा अंगठा असा चावलास की त्याचे डोळे भरून आले. पुढे तुझं लग्न होईल तेव्हा तुला बोहल्यावर मामाच घेऊन येईल. काका वडिलांच्या घरचे, त्यांचा थोडा धाक असतो. मामाकडे धाक नसतो, मामाकडे सुट्टी असते. चूक झाली तर आधी आपल्याला लपवणारा आणि मग हळूच कान धरणारा माणूस म्हणजे मामा. परक्या माणसाला मामा म्हटलं की आपण त्याला थेट आईचा भाऊ करून टाकतो. चिऊ, हा मान सहज मिळत नाही.

आता अशोक सराफांना तो का शोभतो ते त्यांच्या कामात बघ. 'अशी ही बनवाबनवी' तू आजीबरोबर इतक्यांदा पाहिलास की तुला पाठ आहे. तो 1988 चा. मी आठ वर्षांची होते. दादा, म्हणजे तुझा मामा, मला टॉकीजला घेऊन गेला होता आणि परत येताना रविवार कारंज्यापर्यंत आम्ही त्यातल्या अशोकमामांच्या धनंजय मानेसारखं चालत आलो. त्या चौघांत खोटं सगळेच बोलतात, पण सगळ्यांना सांभाळून घ्यायची काळजी धनंजय मानेच्या चेहऱ्यावर असते. पुढच्या वेळी बाकीचे बोलत असताना फक्त अशोकमामांकडे बघ. ते ओरडत नाहीत, हातवारे करत नाहीत. समोरच्याचं वाक्य संपतं, ते एक क्षण थांबतात, डोळे किंचित फिरवतात आणि मग बोलतात. हसू त्या थांबण्यात आहे. मी इथे पेशंटला सुई टोचताना तसंच एक क्षण थांबून काहीतरी बोलते. मी ते त्यांच्याकडूनच शिकले, खरंच.

जन्म 1947 चा, मुंबईचा. नाव अशोक ठेवलं ते अशोक कुमार या हिंदी नटावरून, आणि गंमत बघ, त्या अशोक कुमारांनाही सिनेमातली माणसं दादामुनी म्हणायची, म्हणजे मोठा भाऊ. आपले अशोक सराफ दहा वर्षं स्टेट बँकेत नोकरीला होते, आणि नोकरी सांभाळून नाटक. 'जानकी' हा 1969 चा पहिला सिनेमा. 1975 ला 'पांडू हवालदार'मध्ये दादा कोंडक्यांसमोर सखाराम हवालदार झाले आणि लोकांच्या नजरेत भरले. दादा कोंडके पडद्यावर असताना दुसऱ्याकडे लक्ष जाणं फार अवघड होतं, म्हणून त्या भूमिकेचं मला जास्त कौतुक वाटतं. 'एक डाव भुताचा'मध्ये ते भूत आहेत, पण तू भिणार नाहीस, मास्तरांच्या मदतीला येणारं भूत आहे ते. हिंदीत 'करण अर्जुन'मधले मुन्शीजी तेच.

आणि 'चौकट राजा'. 1991 चा. हा तू अजून पाहिला नाहीस. त्यात दिलीप प्रभावळकर नंदू आहेत, शरीराने मोठा झालेला पण मनाने लहान राहिलेला मुलगा. अशोकमामा त्यात गणा आहेत, नंदूला जपणारा माणूस. तिथे ते हसवायला धावत नाहीत. सगळा सिनेमा नंदूचा आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते बाजूला उभे राहतात. एवढा मोठा नट दुसऱ्यासाठी बाजूला उभा राहतो, हे बघताना मला दर वेळी रडू येतं. हॉस्पिटलात असे नंदू येतात, आणि त्यांच्याबरोबर कुणीतरी गणा आला आहे का, हे मी आधी बघते. या रविवारी मामाला बोलव आणि तिघं मिळून बघा.

एक गोष्ट मात्र आजीलाही ठाऊक नसेल. अशोकमामांनाही एक मामा होते, गोपीनाथ सावकार. ते स्वतः नाटकवाले. त्यांच्याकडे 'ययाति आणि देवयानी' नाटकात तरुण अशोकला विदूषकाची भूमिका मिळाली. आणि ते नाटक कुणी लिहिलं होतं सांगू? आपल्या नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी. म्हणजे मामाने भाच्याला उभं केलं आणि तोंडात शब्द घातले ते आपल्या तात्यासाहेबांनी. हे वाचून दाखवलंस की आजी शेजारच्या काकूंना हाक मारून सांगणार, बघच.

तू विचारलं नाहीस तरी एक सांगते. अशोक सराफांना आपण मामा म्हणतो, तुम्ही म्हणतो. पण लक्ष्मीकांत बेर्डे आपला लक्ष्या. अरे-तुरेतला. तो त्यांचा अपमान नव्हे. विठोबालाही आपण ये रे म्हणतो. 2004 ला ते गेले तेव्हा आजी देवापाशी दिवा लावून "आपला लक्ष्या गेला गं" म्हणाली होती, घरातलं पोर गेल्यासारखं. कुणी मामा होतो, कुणी धाकटा भाऊ. लोकांनी कुणाला कुठल्या खोलीत बसवायचं हे ठरवलेलं असतं. अशोकमामांना महाराष्ट्रभूषण मिळालं, 2025 ला पद्मश्री जाहीर झाली, पण त्या बातम्यांतही लोक मामांना पद्मश्री असंच म्हणत होते.

इथे मस्कतमध्ये मला दिवसभर सगळे सिस्टर म्हणतात. तेही नातंच, पण ते माझ्या पांढऱ्या कपड्यांना चिकटलेलं आहे, कपडे बदलले की जातं. परवा एक ड्रायव्हर पट्टी बदलायला आला. माझ्या नावाची पट्टी वाचली आणि म्हणाला, "ताई, नाशिककडच्या का तुम्ही?" संगमनेरचा होता. त्याची पट्टी मी जरा जास्तच वेळ लावून बांधली.

आता मामींचं. हिशोबाने तुझं बरोबर आहे, मामांची बायको ती मामीच. पण निवेदिता सराफ लग्नाआधीपासून स्वतःच्या कामाने लोकांना माहीत होत्या, निवेदिता जोशी या नावाने, त्यामुळे त्यांना बहुतेक जण निवेदिताताई म्हणतात. त्यांचं नातं त्यांनी स्वतः कमावलेलं आहे, मामांच्या मागून आलेलं नाही. तुला मामी म्हणायचं असेल तर म्हण. त्या कोल्हापूरच्या मुलीलाही कुणी अडवलं नव्हतं.

आजीच्या गुडघ्याला रात्री तेल लावून दे.

तुझी,
आई