जुना हार्ली टी-शर्ट कधीचा? आधी कॉलर उलटी करा

छातीवरच्या हार्ली-डेव्हिडसन या मोटारसायकल कंपनीच्या गरुडाच्या प्रेमात नंतर पडा, आधी मानेजवळचं लेबल वाचा. 'आरएन' (RN, म्हणजे कपडा बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीचा नोंदणी क्रमांक) आणि पुढे आकडा दिसला तर तो अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. नवखे इथेच फसतात: त्यावरून कंपनी कळते, कपड्याचं साल नाही.

मग एवढंच बघा:
- धुण्याच्या सूचनांचं लेबल असेल तर बहुधा १९७२ नंतरचा. अमेरिकेत तो नियम तेव्हा लागू झाला.
- बाहीच्या दुमडीवर टाक्यांची एकच ओळ म्हणजे साधारण १९९०च्या दशकाच्या मध्याआधीचा. पण हल्ली नव्या मालावरही मुद्दाम तशीच शिलाई मारतात.
- चित्राखालचं बारीक साल चित्राच्या हक्काचं (कॉपीराइटचं). छपाई त्याआधीची नसते, नंतरची असू शकते.

विटक्या रंगावर तर अजिबात जाऊ नका. माझा पहिला 'जुना' टी-शर्ट असा सुरेख विटलेला होता की घासाघीसही केली नाही. घरी आल्यावर दिसलं, कॉलरची शिलाई काळ्या दोऱ्याची आणि लेबल पांढऱ्या दोऱ्याने टाचलेलं, बाजूला जुन्या टाक्यांची भोकं. लेबल दुसऱ्याच कपड्याचं!

जॅकेट, चेन, बिल्ले पुढे बघू. सध्या लेबल आणि बाहीचा जवळून फोटो टाका.